‘दो आँखे बारह हाथ’ : भिंती नसलेल्या तुरुंगाची चित्रभाषा

तुरुंगावरचा चित्रपट म्हटला की उंच तट, लोखंडी गज, साखळदंडांचा खणखणाट आणि कुलपात फिरणारी किल्ली हे सारे ओघाने आलेच. परळच्या राजकमल कलामंदिराची निर्मिती असलेल्या ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटासमोर मात्र वेगळीच अडचण होती. त्यातला तुरुंग बिनभिंतीचा आहे. आदिनाथ नावाचा जेलर खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना कारागृहाबाहेर काढतो आणि एका पडीक माळरानावर शेती करायला नेतो. त्या जागेचे नाव ‘आझाद नगर’. पळून जायला चारही दिशा मोकळ्या असताना माणसाला धरून ठेवणारी गोष्ट कोणती, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्याचे उत्तर संवादांइतकेच प्रतिमा आणि ध्वनी यांतून दिले.

औंधचा प्रयोग

या कथेला सत्याचा आधार आहे. औंध संस्थानात १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मूळचे पोलंडचे आणि गांधीविचारांनी भारावलेले मॉरिस फ्रीडमन यांची ही कल्पना. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी ती उचलून धरली. चित्रपटाचे लेखक ग. दि. माडगूळकर हे याच मुलखातले. आटपाडी तालुक्यातील शेटफळे हे त्यांचे जन्मगाव. त्यामुळे हा विषय त्यांच्याकडे ऐकीव बातमी म्हणून नव्हे, तर घरचा म्हणून आला.

रंग नाकारण्याचा निर्णय

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या टेक्निकलरमधील नृत्यपटाने शांतारामांना मोठे यश मिळवून दिले होते. त्याच्या पाठोपाठ त्यांनी हा चित्रपट कृष्णधवल केला. दोन्हींचे छायालेखन जी. बालकृष्ण यांचेच, पण दृष्टी अगदी निराळी. खडकाळ जमीन, तापलेले आभाळ आणि कुदळ-फावडे चालवणारी माणसे यांत रंगांची मोहिनी अडथळाच ठरली असती. काळ्या-पांढऱ्या छटांमुळे कैद्यांच्या चेहऱ्यांवरचा राकटपणा आणि मातीचा ओबडधोबडपणा एकाच जातीचे वाटू लागतात. नापीक जमीन आणि नापीक ठरवलेली माणसे हे साम्य तोंडाने सांगावे लागत नाही.

डोळा : दहशतीचा आणि विश्वासाचा

चित्रपटाचे शीर्षक म्हणजेच त्याची प्रतिमासृष्टी. दोन डोळे जेलरचे, बारा हात सहा कैद्यांचे. ज्या हातांनी खून केले तेच हात जमीन फोडतात आणि भाजी पिकवतात. मोह पडतो, पाऊल वाकडे पडू लागते, तेव्हा कैद्यांना आदिनाथचे डोळे आठवतात. गज आणि पहारा यांची जागा इथे नजरेने घेतली आहे.

शांतारामांच्या चित्रपटांत डोळ्याला जुना इतिहास आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदा व्यापणारे समीपदृश्य त्यांनी दूरवेधी भिंगाने टिपले होते. तो डोळा धर्मसत्तेच्या दहशतीचा होता. दोन तपांनंतर तीच क्लृप्ती सद्सद्विवेकाची खूण म्हणून परतली. तरीही एक शंका उरतेच. सतत पाहणारा डोळा हासुद्धा एक तुरुंगच नव्हे काय? डोळा पाळतीचा नसून विश्वासाचा आहे, असे चित्रपट बजावतो आणि त्यासाठी जेलरला स्वतःच्या प्राणांची किंमत मोजायला लावतो. तो गेल्यावरही ते डोळे उरतात, म्हणजे पहारा आता कैद्यांच्या आतच बसला आहे. ही मुक्ती की अधिक खोल बंधन, याचा निवाडा प्रेक्षकाने करायचा.

खेळण्यापासून प्रार्थनेपर्यंत

आवाजाचा विचार हा शांतारामांचा जुना ध्यास. ‘कुंकू’मध्ये (१९३७) त्यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ भोवतालच्या स्वाभाविक आवाजांवर काम भागवले होते. येथे वसंत देसाई यांचे संगीत आहे, पण तेही कथेची कामे वाटून घेते. माळरानावर खेळणी विकणारी चंपा (संध्या) येते ती खेळण्यांचा खुळखुळाट आणि ठेका घेऊन. पुरुषांच्या त्या रुक्ष वस्तीत घरपणाची चाहूल प्रथम कानांना लागते. स्वतंत्रपूरच्या वसाहतीत कैद्यांना कुटुंबासह राहता येत असे. चित्रपटाने ते कुटुंब वगळले आणि ती उणीव चंपाच्या अंगाईने भरून काढली. पाऊस येतो तोही समूहगीताचा उत्सव होऊन.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना. भरत व्यास यांचे शब्द, लता मंगेशकर यांचा स्वर. साधी, कोणालाही गाता येईल अशी चाल आणि तिला समूहाची साथ. मारहाणीला उलट हात न उगारण्याचे बळ या माणसांत कोठून येते, ते ही चाल सांगते. पुढे ती पडद्यावरून उतरून शाळाशाळांच्या परिपाठात जाऊन बसली.

किंमत आणि मान

अखेरच्या झुंजीत बैलाशी सामना करताना आदिनाथची भूमिका करणाऱ्या शांतारामांच्याच डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी जाते की काय अशी भीती होती. ते बरे झाले आणि ‘नवरंग’मध्ये (१९५९) पुन्हा रंगांकडे वळले. ‘दो आँखे’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले, तसेच १९५८च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलही मिळाले.

माणूस सुधारतो तो कुलपाने की भरवशाने, हा वाद जुना आहे आणि मिटलेला नाही. परळच्या स्टुडिओने त्यात आपली साक्ष दोन डोळे आणि एका प्रार्थनेच्या रूपाने नोंदवली. ज्या स्वतंत्रपूरवरून ती स्फुरली, तेथील खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह व्यवस्थेत कायम राहिली.