‘द इनर लाइट’चा मुंबईतील अप्रकाशित टेक

जानेवारी १९६८. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईत आला.

ध्वनिमुद्रण एचएमव्हीच्या स्टुडिओत झाले. त्यासाठी भास्कर मेनन यांनी टू-ट्रॅक स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणले होते. सायंकाळी इमारतीतील कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरील पावलांचा आवाज आत येई आणि काम थांबवावे लागे. ॲबी रोडला सरावलेल्या माणसाची परीक्षाच ती!

तरीही वादक इतके तयारीचे होते की चित्रपटाचे काम उरकून वेळ उरला. त्या वेळात एका नव्या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. सरोदवर आशिष खाँ होते. शहनाई, बासरी, पखवाज आणि हार्मोनियमही होती. एकही बीटल वाजवत नव्हता, गिटार नव्हती, ड्रम नव्हते. ‘ताओ ते चिंग’वर आधारित शब्द हॅरिसनने फेब्रुवारीत लंडनला गायले आणि १५ मार्चला ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस ‘द इनर लाइट’ प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ.

मुंबईत घेतलेला दुसरा टेक मात्र टेपवरच पडून राहिला. तो २०१४ साली ‘वंडरवॉल म्युझिक’च्या पुनर्प्रकाशनात बाहेर आला, तब्बल ४६ वर्षांनी. त्यात गायन नाही. सुरुवातीला हॅरिसन वादकांशी बोलतो, आणि मग ऐकू येतात ते फक्त मुंबईत जमलेले ते वादक, ज्यांची नावे त्या सिंगलवर छापली गेली नव्हती.