खोकला ऐकून घेणारा माणूस

क्षय म्हटला की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे आरोग्यधाम उभे राहते. मोकळी हवा, ओळीने मांडलेल्या खाटा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने सक्तीची विश्रांती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव आपल्याकडे त्यामुळेच दूरवर पोचले होते. पण मंडळी, हातावर पोट असलेल्या शेतमजुराने वर्षभर खाटेवर पडून राहायचे, तर त्याच्या घरची चूल पेटायची कशी? शिवाय रोगी लाखांनी होते आणि खाटा फार थोड्या.

क्षय हा शहरांतला, गिरण्यांच्या धुरातला रोग, अशी पुष्कळांची समजूत होती. 1955 ते 1958 या काळात देशात नमुना-पाहणी झाली आणि ती समजूत खोटी ठरली. रोग खेड्यांतही जवळजवळ तितकाच होता. तेव्हा औषध खेड्यात न्यायला हवे, हे उघड झाले. पण घरी राहून रोगी बरा होईल का?

याचे उत्तर मद्रासने दिले. तेथील केंद्रात 193 रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात, दुसरा आपापल्या घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर. 1959 साली निष्कर्ष छापून आला. घरच्या गटातलेही बहुतेक रोगी सुधारले होते! पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा रोगी घरी राहिल्यामुळे घरच्यांना अधिक धोका झाल्याचेही दिसले नाही.

औषध असे घरी आले, आणि ते नियमाने पोटात जाते की नाही हे पाहण्याचे काम गावोगावच्या आरोग्यसेवकांवर आले. त्यांना शिकवायचे कोणी? 1959 सालीच बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. 1962 पासून जिल्हा क्षयरोग कार्यक्रम आखला गेला. त्यासाठी जिल्ह्याचे पथकच तयार करीत: क्षयरोग अधिकारी, उपचार-संघटक, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, आकडे ठेवणारा सहायक. या पथकाने परत जाऊन तालुक्यांतल्या दवाखान्यांना शिकवायचे.

शिकायचे काय? वरवर पाहता गोष्टी साध्याच. छातीच्या तळातून खाकरून काढलेली थुंकी हवी. नुसती लाळ काचेवर पसरली तर जंतू छातीत असूनही सापडत नाही. काचेला तांबडा रंग द्यायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा चढवायचा. क्षयाचा जंतू तेवढा तांबडा राहतो. रोग्याचे कार्ड भरायचे, आणि तो ठरल्या दिवशी आला नाही तर त्याच्या दारी जायचे.

पण सर्वांत अवघड धडा निराळाच होता. बंगळूरच्या संस्थेतले बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत क्षयरोग्यांना गाठून विचारपूस केली. हे काम 1963 साली प्रसिद्ध झाले. खेडूत अडाणी, त्याला रोगाची जाणीव नसते, असे आपण सहज म्हणतो ना? तेथे बहुतेकांना आपल्या दुखण्याची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक जण आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढून आले होते. तेथे त्यांना मिळाली खोकल्याच्या औषधाची बाटली! थुंकी तपासावी, हे कोणाला सुचले नव्हते. रोगी दारात आला होता. त्याचा खोकला ऐकून घेणारा शिकलेला माणूस तेवढा नव्हता.

पुढेही चुका झाल्या. 1992 च्या आढाव्यात दिसले की उपचार सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी रोगी तो पुरा करीत होते. म्हणून 1993 पासून सुधारित कार्यक्रम अजमावला गेला आणि 2006 मध्ये तो देशभर पोचला. त्यात गोळ्या दुसऱ्याच्या देखत घ्यायच्या. हा ‘दुसरा’ म्हणजे कधी परिचारिका, कधी अंगणवाडीताई, कधी आशाताई. उपचार अर्धवट सुटला तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, हे त्यांना पक्के शिकवावे लागते.

आजही जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत. तेव्हा गुरुजी, वर्गातल्या मुलाचा वा त्याच्या घरच्या कोणाचा खोकला दोन आठवडे हटत नसेल, तर बाटलीवर भागवू देऊ नका. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, औषधही फुकट मिळते. आणि आशाताई गोळीची आठवण करायला दारात आली, तर तिला घटकाभर बसायला सांगा.