सायकल सफरीचे चित्रीकरण

सायकलच्या हँडलवर, चालकाच्या हेल्मेटवर किंवा छातीवर लहान आकाराचा 'ॲक्शन कॅमेरा' बसवून प्रवासाचे चलचित्रण करण्याच्या पद्धतीस सायकल सफरीचे चित्रीकरण असे म्हणतात. हौस, मार्गाची माहिती आणि अपघाताचा पुरावा ही त्याची तीन प्रमुख प्रयोजने होत.

इतिहास

निक वुडमन यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ मध्ये बाजारात आला. तो मनगटावर बांधावयाचा, ३५ मिलिमीटर फिल्मवर स्थिरचित्रे घेणारा होता. पुढे चलचित्रण करणारे डिजिटल कॅमेरे आले. २०१४ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत काही सायकलींवर असे कॅमेरे बसविण्यात आले होते.

कॅमेऱ्याची जागा

हँडलवरील कॅमेऱ्यास रस्त्याचे धक्के थेट बसतात. हेल्मेटवरील कॅमेरा चालकाची नजर जिकडे वळेल तिकडे वळतो. छातीपट्ट्यावरील चित्रण तुलनेने स्थिर असते व त्यात चालकाचे हातही दिसतात. मागून येणाऱ्या वाहनांच्या नोंदीसाठी आसनाखालील दांड्यावर दुसरा कॅमेरा लावतात.

तांत्रिक मर्यादा

रुंद कोनाच्या भिंगामुळे दूरच्या वस्तू अधिक दूर व लहान दिसतात आणि चढ प्रत्यक्षापेक्षा सपाट भासतो. त्यामुळे अशा चित्रणावरून अंतर किंवा वेग यांचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणात चित्राच्या कडा छाटल्या जातात. मंद प्रकाशात ते नीट साधत नाही. सेकंदाला ६० मेगाबिट या गतीने एका तासाचे चित्रण सुमारे २७ गिगाबाइट जागा व्यापते. जागा संपल्यावर जुन्या चित्रणावर नवे चित्रण करण्याची सोय ('लूप रेकॉर्डिंग') वापरल्यास अपघाताचा भाग पुसला जाण्याचा संभव असतो.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती

जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व दक्षिण सीमेवर गोदावरी नदी आहे. जालन्याहून राजूरच्या गणपतीकडे आणि अंबडच्या मत्स्योदरी देवीकडे जाणारे रस्ते सायकलस्वारांस खुले आहेत. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मात्र सायकलींना प्रवेश नाही. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा उन्हात कॅमेरा तापून आपोआप बंद पडू शकतो. ग्रामीण रस्त्यांवरील धुळीमुळे भिंग वारंवार पुसावे लागते.

पुरावा म्हणून उपयोग

चलचित्रण न्यायालयात कसे सादर करावे, यासंबंधीचा एक महत्त्वाचा निर्णय जालन्याच्याच प्रकरणात झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चलचित्रण हा त्यातील प्रमुख पुरावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात सादर करून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास वेगळे प्रमाणपत्र लागत नाही; केवळ प्रत सादर करावयाची असल्यास मात्र भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब अन्वये प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे.

म्हणून अपघातानंतर चित्रण थांबवून मेमरी कार्ड काढून ठेवणे व मूळ फाईलमध्ये काटछाट न करणे हिताचे असते. संपादन करावयाचे झाल्यास ते प्रतीवर करतात. कॅमेऱ्याचे घड्याळ अचूक नसल्यास घटनेच्या वेळेविषयी शंका उपस्थित होऊ शकते.

खासगीपणा

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. रस्त्यावरील चित्रणात शेतमजूर, पायी जाणारे भाविक, शाळकरी मुले अनाहूतपणे येतात. चित्रण प्रसारित करण्यापूर्वी त्यांचे चेहरे व वाहनांचे क्रमांक पुसट करणे उचित मानले जाते. सफरीचा प्रारंभ व शेवट वगळल्यास चालकाच्या घराचा पत्ताही उघड होत नाही.