समुद्रतळाची तार आणि मलायातला वृक्ष

१८७० साली समुद्रतळाच्या तारांनी मुंबई लंडनशी जोडली गेली. या पराक्रमाचे श्रेय अभियंत्यांना मिळते. तारेच्या आवरणाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

तांब्याच्या तारेला खाऱ्या पाण्यापासून जपणारे ते आवरण म्हणजे गटापर्चा, मलाया, सुमात्रा व बोर्निओच्या अरण्यांतील एका वृक्षाचा चीक. गरम पाण्यात मऊ होणारा, समुद्रतळाच्या थंडीत मात्र उत्तम टिकणारा. रबराच्या झाडाला खाच पाडली की चीक वाहत राहतो. हा चीक चटकन गोठतो. म्हणून झाड आडवे पाडून खोडावर खाचा घेत. एवढे करून हाती येई जेमतेम अर्धा किलो, बहुधा त्याहूनही कमी! आणि अटलांटिकखालच्या एका केबलला हवा होता शेकडो टन.

सिंगापूर बेटावरचे हे वृक्ष १८५० च्या दशकातच जवळपास संपले. व्यापार पुढच्या अरण्यांकडे सरकला. कुऱ्हाड स्थानिकांच्या हाती होती हे खरे, पण मागणी ठरत होती लंडनमध्ये.

१८८५ च्या सुमारास डचांनी जावा बेटावर लागवड आरंभली. १९३० च्या दशकात पॉलिथीनचा शोध लागला आणि हळूहळू केबलींना त्या वृक्षाची गरज उरली नाही.