हाताला घट्टे असतील तर प्रवेश नाही

कॉलेजच्या पहिल्या वर्षी बोट क्लबात वल्हवायला लागलो आणि पंधरा दिवसांत हाताला घट्टे पडले. ते एकमेकांना दाखवण्यात कोण अभिमान! चार जणांची वल्ही एका ठेक्यात पाण्यात पडली की बोट जी काही पळते... असो. परवा या खेळाचा इतिहास वाचत बसलो होतो, तेव्हा कळलं की एके काळी हेच घट्टे असलेल्यांना शर्यतीत घेत नसत.

गोष्ट लंडनच्या थेम्स नदीची. १८व्या शतकाच्या सुरुवातीला शहरात पूल एकच. पलीकडे जायचं तर नाव हवी, त्यामुळे नावाड्यांचा धंदा जोरात. धंद्याला शिस्त लावायला १५५५ साली कायदा झाला, आणि १६०३ पासून उमेदवारी सात वर्षांची झाली. म्हणजे ज्या वयात आपण दहावी-बारावीचे क्लास करतो, त्या वयात ही पोरं भरती-ओहोटीत वल्ही मारत होती.

उमेदवारी नुकतीच संपवलेल्या तरुण नावाड्यांसाठी १७१५ साली थॉमस डॉगेट या नटाने शर्यत सुरू केली. लंडन ब्रिज ते चेल्सी, सुमारे ७.४ किलोमीटर. बक्षीस काय, तर एक कोट आणि चांदीचा बिल्ला. ही शर्यत आजही होते!

पुढे मोठ्या घरच्या मुलांनाही वल्हवण्याची गोडी लागली. १८२९ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पहिली शर्यत झाली. त्याच वर्षी ईटन आणि वेस्टमिन्स्टर या शाळांची पोरंही एकमेकांशी भिडली. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात या साहेबांच्या पोरांना शिकवायला पोटासाठी वल्हवणारे नावाडीच असत.

आणि मग? १८३९ साली हेन्लीची शर्यत सुरू झाली. १८७९ मध्ये तिथे ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या ठरली. पैसे घेऊन बोटीवर काम केलेला माणूस बाद. एवढंच नाही, तर मजुरीवर राबणारा कारागीर, कामगारही बाद! ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच दार बंद.

१९२० साली अमेरिकेच्या जॅक केलीचा अर्ज हेन्लीने नाकारला. त्याच्या क्लबवर आधीपासून बंदी होतीच, शिवाय हा गवंडीकाम केलेला. त्याच वर्षी पठ्ठ्याने ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक संघालाही हेन्लीत घेतलं नाही, कारण ते सगळे पोलीस होते. शेवटी १९३७ साली कामगारांना वगळणारं कलम गेलं.

वाचताना इंग्रजांवर मनसोक्त चिडलो. मग आमच्या क्लबवरचे मामा आठवले. वल्हं कसं धरायचं, पाण्यातून कधी काढायचं हे सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचा मुलगा आमच्याच वयाचा. आम्ही चढेपर्यंत रोज धक्क्यावर बोट धरून उभा असायचा. त्याच्या हाताचे घट्टे आमच्यापेक्षा कितीतरी जुने.

आमच्याकडे १८७९ सारखा नियम नव्हता. तरी चार वर्षांत ‘बस रे तूही’ असं त्याला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही, मलाही नाही.