यवतमाळ जिल्ह्यातील मतपरिवर्तनाचे प्रयत्न

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात स्वातंत्र्यानंतर अनेक दशके काँग्रेसचे वर्चस्व होते. ते मोडून मतदार आपल्याकडे वळवण्याचे प्रयत्न फॉरवर्ड ब्लॉक, विदर्भवादी गट, शेतकरी संघटना, भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना यांनी वेगवेगळ्या काळात केले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील सात जागांपैकी पाच काँग्रेसने, एक राष्ट्रवादी काँग्रेसने आणि एक शिवसेनेने जिंकली. २०१४ मध्ये काँग्रेसच्या त्या पाचही जागा भाजपकडे गेल्या आणि जिल्ह्यात काँग्रेसचा एकही आमदार उरला नाही. हा बदल एका निवडणुकीत दिसला, पण त्याची तयारी बरीच आधीपासून सुरू होती.

जिल्ह्यात सोळा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. पुसद, दिग्रस, दारव्हा या पश्चिमेकडील पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. केळापूर, राळेगाव, घाटंजी, झरी जामणी या पूर्वेकडील तालुक्यांत गोंड, कोलाम, परधान या आदिवासी जमातींची वस्ती दाट आहे. कुणबी शेतकरी, बौद्ध आणि मुस्लिम मतदार जिल्हाभर पसरलेले आहेत. शेती बहुतांशी कोरडवाहू असून कापूस आणि सोयाबीन ही मुख्य पिके आहेत. विधानसभेच्या सात मतदारसंघांपैकी राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी, तर उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००९ पासून जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागला गेला आहे : वणी आणि आर्णी चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला आणि उरलेले चार यवतमाळ-वाशीमला जोडलेले आहेत.

काँग्रेसचा पाया येथे स्वातंत्र्यपूर्व काळातच घातला गेला, पण तो एकसंध नव्हता. वणीत जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे हे टिळकांचे अनुयायी होते. १९३० च्या जुलैमध्ये त्यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. त्याच महिन्यात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ जंगल सत्याग्रहात भाग घेतला. पुढे जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसची भूमिका न पटल्याने अणे यांनी १९३४ मध्ये मदनमोहन मालवीय यांच्यासह काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. उत्तरायुष्यात ते स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. काँग्रेसला आव्हान देणारी पहिली मोठी व्यक्ती अशा रीतीने काँग्रेसच्याच मुशीतून आली.

स्वातंत्र्योत्तर वर्चस्वाचे शिल्पकार वसंतराव नाईक (१९१३-१९७९) होते. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यात बंजारा कुटुंबात जन्मलेले नाईक १९५२ मध्ये पुसदमधून आमदार झाले आणि डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री झाले. पंचायत राज्यासंबंधीच्या समितीचे अध्यक्षपदही वसंतरावांकडेच होते. तिच्या शिफारशींवरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि जिल्हा परिषद, मध्यवर्ती सहकारी बँक, बाजार समित्या, शिक्षणसंस्था यांचे जाळे पक्षाचा खरा आधार बनले. पीककर्ज, शिक्षकाची बदली, विहिरीचे अनुदान यांसाठी शेतकऱ्याला ज्या माणसाकडे जावे लागे, तो माणूस काँग्रेसचा असे. तांड्यावर नायक आणि कारभारी यांचा शब्द चाले. निवडणुकीआधी बैठक बसे, नायक निर्णय सांगे आणि तांडा एकगठ्ठा मतदान करी. ही निष्ठा पक्षापेक्षा माणसावर आणि घराण्यावर होती, हे पुढील घडामोडी समजण्यासाठी ध्यानात ठेवावे लागते.

राज्यात इतरत्र काँग्रेसविरोधी लाट आली, तेव्हाही विदर्भ बहुतांशी स्थिर राहिला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला, पण विदर्भाने तिला सावरले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये आणि १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पाठीशी राज्यात प्रामुख्याने विदर्भच उभा राहिला.

या काळातील सर्वात प्रखर विरोधक यवतमाळचे जांबुवंतराव धोटे होते. फॉरवर्ड ब्लॉकचे नेते असलेल्या धोटे यांनी १९६० च्या दशकात यवतमाळची जागा काँग्रेसच्या हातून काढून घेतली. कृषी विद्यापीठ अकोल्याला व्हावे यासाठीचे आंदोलन आणि स्वतंत्र विदर्भाची मागणी यांतून ते ‘विदर्भाचा सिंह’ म्हणून ओळखले गेले. १९७१ मध्ये ते नागपुरातून लोकसभेवर गेले. सभा गाजवण्याची आणि गर्दी रस्त्यावर उतरवण्याची त्यांची ताकद मोठी होती, पण गावपातळीवर टिकणारी संघटना त्यांनी उभारली नाही. १९८० मध्ये ते इंदिरा काँग्रेसच्याच तिकिटावर पुन्हा खासदार झाले आणि त्यांचा मतदार त्यांच्यासोबत काँग्रेसकडे परतला. २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस स्थापन केली, पण तोवर काँग्रेसविरोधी अवकाश इतरांनी व्यापला होता.

निष्ठेला पहिला खोल तडा कापसाने दिला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाच १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवणे हा तिचा हेतू होता आणि सुरुवातीला तिचा लाभही झाला. कालांतराने मात्र संकलन केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. ग्रेडर कापसाची प्रत खाली लावतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येई. चुकारा हप्त्याहप्त्याने मिळे आणि राज्याबाहेर अधिक भाव असला तरी तिकडे कापूस नेण्यास बंदी होती. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची मागणी विदर्भाच्या कापूसपट्ट्यात वेगाने पसरली. सरकार आपले आहे म्हणून ते आपल्या मालाला भाव देईल असे नाही, हे शेतकऱ्याला जाहीरपणे प्रथम संघटनेने सांगितले. मार्च १९८६ मध्ये महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह जीवन संपवले. ही घटना राज्यातील शेतकरी आत्महत्यांच्या मालिकेतील पहिली नोंद मानली जाते. संघटनेने मतदाराला काँग्रेसपासून विचाराने दूर नेले, मात्र मतपेटीत त्याचा लाभ प्रामुख्याने इतर पक्षांना झाला.

१९९० च्या दशकात भाजप-शिवसेना युतीने हा काँग्रेसविरोधी अवकाश व्यापला. १९९६ मध्ये यवतमाळ लोकसभेची जागा भाजपचे राजाभाऊ ठाकरे यांनी आणि शेजारच्या वाशीमची शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी यांनी जिंकली. दोन्ही जागा १९९८ मध्ये काँग्रेसने परत मिळवल्या. त्यापैकी वाशीमची जागा १९९९ मध्ये भावना गवळी यांनी शिवसेनेकडे आणली. २००४ मध्ये यवतमाळमधून भाजपचे हरिसिंग राठोड विजयी झाले. बंजारा समाजातील उमेदवार उभा करून नाईक घराण्याच्या मतांत वाटेकरी होण्याची ही खेळी होती. त्याच वर्षी दारव्ह्यात शिवसेनेच्या संजय राठोड या तरुण कार्यकर्त्याने काँग्रेसचे माणिकराव ठाकरे यांचा पराभव केला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर राठोड २००९ पासून दिग्रसमधून सतत निवडून येत आहेत. यामुळे तांड्यांना पुसदखेरीज दुसरे राजकीय केंद्र मिळाले. पुसदमध्ये मात्र नाईक घराण्याचा पाया ढळला नाही. राष्ट्रवादी काँग्रेसच्या वतीने मनोहर नाईक आणि त्यांच्यानंतर इंद्रनील नाईक निवडून आले. घराण्यातीलच निलय नाईक यांना २०१९ मध्ये उमेदवारी देऊनही भाजपला ती जागा घेता आली नाही.

काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सत्ताधारी आघाडीनेही असंतोषाला खतपाणी घातले. २००४ च्या निवडणुकीत कापसाला क्विंटलमागे २,७०० रुपये देण्याचे आश्वासन दिले गेले, आणि सत्ता आल्यावर २००५ मध्ये पूर्वीचा ५०० रुपयांचा अग्रिम बोनसही काढून घेण्यात आला. आत्महत्यांचे प्रमाण वाढल्यावर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००६ मध्ये विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या जमीनधारकांनाच मिळाली. कोरडवाहू यवतमाळात सात-आठ एकरांचा धनीही कर्जबाजारी असतो, ही वस्तुस्थिती त्या अटीत बसली नाही. जुलै २००८ मध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातील जळका येथील एका शेतकरी विधवेचा उल्लेख केला. जिल्ह्याचे दुःख देशभर पोहोचले, पण भावाचा प्रश्न जागीच राहिला. तरीही २००९ मध्ये काँग्रेसने पाच जागा जिंकल्या, कारण संस्थांचे जाळे अजून शाबूत होते.

२० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातील दाभडी गावात ‘चाय पे चर्चा’ कार्यक्रमात शेतकऱ्यांशी संवाद साधला. उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा देणारा हमीभाव हा तेथील मुख्य विषय होता. शेतकरी संघटनेने तीन दशके घडवलेली मागणी अशा रीतीने एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रचाराच्या केंद्रस्थानी आली, आणि या जिल्ह्यातील मतपरिवर्तनात तिचा वाटा उमेदवारांपेक्षा मोठा मानावा लागतो. लोकसभेत भावना गवळी यांनी शिवाजीराव मोघे यांचा पराभव केला. विधानसभेत वणीतून संजीवरेड्डी बोदकुरवार, यवतमाळमधून मदन येरावार, राळेगावातून अशोक उईके, आर्णीतून राजू तोडसाम आणि उमरखेडमधून राजेंद्र नजरधने हे भाजपचे उमेदवार विजयी झाले. मोघे आणि वसंत पुरके हे काँग्रेसचे दोन ज्येष्ठ आदिवासी नेते आपापल्या मतदारसंघांत हरले. पूर्व भागातील आदिवासी मते काँग्रेसची ठेव समजली जात. नव्या आदिवासी नेतृत्वाला पुढे करून भाजपने ती मिळवली. २०१९ मध्येही हे पाचही मतदारसंघ भाजपकडे राहिले.

भाजपच्या या वर्चस्वाला आव्हानही हमीभावाच्या त्याच प्रश्नातून मिळाले. ५० टक्के नफ्याची हमी व्यवहार्य नसल्याचे केंद्र सरकारने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले, आणि विरोधकांनी दाभडीचे नाव प्रचारात वापरण्यास सुरुवात केली. २०१७ च्या खरीप हंगामात कीटकनाशक फवारणीत विषबाधा होऊन जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मरण पावले. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये असताना बाजारात माल त्याखाली विकला जात होता. दुसरीकडे सत्ताधाऱ्यांनी थेट लाभाच्या योजनांवर भर दिला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मोदी यांनी यवतमाळ येथून पीएम-किसानचा सोळावा हप्ता वितरित केला, तर ऑक्टोबरमध्ये बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जिल्ह्याशी संबंधित तिन्ही मतदारसंघ भाजपविरोधी महाविकास आघाडीकडे गेले. यवतमाळ-वाशीममधून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे संजय देशमुख निवडून आले. देशमुख पूर्वी दिग्रसचे अपक्ष आमदार होते. काही महिन्यांतच, नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत, सातपैकी पाच जागा भाजपप्रणीत महायुतीने जिंकल्या. या दोन निवडणुकांच्या दरम्यान लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. दिग्रसमध्ये संजय राठोड यांनी पुन्हा माणिकराव ठाकरे यांचा पराभव केला आणि पुसद इंद्रनील नाईक यांच्याकडे राहिले. राळेगावात उईके यांनी पुरके यांच्यावर निसटता विजय मिळवला. वणीची जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजय देरकर यांनी घेतली. यवतमाळमध्ये बाळासाहेब मांगुळकर यांनी येरावार यांचा पराभव केल्याने काँग्रेसला दहा वर्षांनी जिल्ह्यात पुन्हा एक आमदार मिळाला.