चेहरा-ओळख तपासणी, विमानप्रवाशांची
प्रवाशाचा चेहरा नोंदलेल्या छायाचित्राशी यंत्राद्वारे ताडून त्याची ओळख पटविण्याची पद्धत. तिची पूर्वपीठिका पारपत्रावरील छायाचित्रात आढळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) हेरांच्या भीतीने यूरोपीय देशांनी ते सक्तीचे केले. राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने (१९२०) युद्धपूर्व मुक्त प्रवास पुन्हा सुरू होण्याची आशा व्यक्त केली. तथापि तिनेच पारपत्राचा समान नमुना ठरविला आणि युद्धकालीन निर्बंध कायम झाला. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने यंत्राद्वारे ओळख पटविण्यासाठी चेहऱ्याला अग्रक्रम दिला.

भारतात १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे ‘डिजियात्रा’ सुरू झाली. तीमुळे ओळखपत्र वारंवार दाखवावे लागत नाही व वेळ वाचतो. मात्र चोरीस गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. डिजियात्रा ऐच्छिक असून उड्डाणानंतर २४ तासांत विमानतळावरील माहिती पुसून टाकण्याची तरतूद तीत आहे. तात्पुरते निर्बंध कायम होतात, हा पारपत्राच्या इतिहासाचा धडा लक्षात घेता, नकार देण्याची मुभा प्रत्यक्षात कितपत टिकते यावरच या सोयीची योग्यता ठरते.